सोळा आण्यांचा डाव

कोणत्याही बैठ्या खेळात दोन प्रकारचं गणित असतं. एक खेळणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि दुसरं फाशांच्या पोटात. डोक्यातलं गणित कमीजास्त असू शकतं. फाशांच्या पोटातलं मात्र कुणाला येवो न येवो, आपलं काम चोख करत राहतं. आज या दोन गणितांविषयी बोलायचं आहे. निमित्त आहे एका परदेशी खेळाचं, पण त्याच्यावरून आपण पोचणार आहोत ते आपल्या ओटीवरच्या चिंचोक्यांपर्यंत, आणि जमलं तर नळराजापर्यंत.

पुण्या-मुंबईकडची कॉलेजातली मुलं अलीकडे टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असतात, नसल्या तर नाही. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. एक जण सूत्रधार. तो सांगतो, 'तुमच्यापुढे दरी आहे, पूल मोडका आहे, काय करता?' मग ज्यानं त्यानं आपल्या पात्राच्या तोंडानं उत्तर द्यायचं. म्हटलं तर नाटक, म्हटलं तर खेळ. अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं तो पहिल्यांदा छापून विकायला आला आणि त्याच्या मागून अशा खेळांची रांगच लागली. आपल्याकडच्या दशावताराला संहिता नसते, पात्रं आयत्या वेळी बोलतात. तसंच हे काहीसं. फरक एवढाच, की दशावतारात राक्षस मरणार हे ठरलेलं असतं आणि इथे ते फासे ठरवतात.

प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर त्याची ताकद किती, चपळाई किती, कुठलं कौशल्य किती, हे आकड्यांत लिहिलेलं असतं. १९८६ साली निघालेल्या 'गर्प्स' नावाच्या नियमावलीत तर तलवारबाजी, घोडेस्वारी यांच्या जोडीला चक्क 'गणित' हेही एक कौशल्य आहे. समजा, तुमच्या पात्राच्या कागदावर गणितापुढे १२ लिहिलंय. काही हिशेब करायची वेळ आली, की तीन साधे फासे टाकायचे. तिघांची बेरीज १२ किंवा त्याहून कमी आली तर त्या पात्राला हिशेब जमला. जास्त आली तर चुकला. म्हणजे ज्याला स्वतःला सतराचा पाढा येत नाही, तोसुद्धा इथे भास्कराचार्य होऊन बसू शकतो!

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग थोडं खोलात गेलो आणि लक्षात आलं, की गणितातून सुटका कुणाचीच झालेली नाही. कारण कौशल्याचे आकडे फुकट मिळत नाहीत. ठरावीक गुण दिलेले असतात, ते वाटून लावायचे असतात. आता तीन फासे टाकले तर एकूण २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यातल्या १०८ प्रकारांत बेरीज १० किंवा कमी येते. म्हणजे कौशल्य १० असेल तर यश बरोबर निम्म्या वेळा. कौशल्य १२ केलं तर १६० प्रकार आपल्या बाजूचे, म्हणजे शंभरात ७४. दोन पायऱ्या चढलो आणि जवळजवळ पाव हिस्सा पदरात पडला. पण १५ वरून १६ वर गेलो तर २०६ चे २१२ होतात. शंभरात जेमतेम तीनची भर. ज्या मुलानं हे ताडलं, तो आपले गुण पंधराच्या पुढे उधळणार नाही. थोडक्यात काय, कागदावरच्या माणसाला गणित यायला हवं असेल तर खेळणाऱ्यालाही ते यावं लागतं.

आता गंमत अशी, की गणित हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, ते शिकता येतं, देता-घेता येतं आणि त्याचा खेळाशी संबंध आहे, ही कल्पना काही अमेरिकेत जन्मलेली नाही. ती महाभारतात आहे. वनपर्वातल्या नलोपाख्यानात.

नळाची गोष्ट आपल्याला पाठ असते, पण हा भाग बऱ्याचदा निसटतो. नळ द्यूतात राज्य हरला, दमयंतीची ताटातूट झाली, आणि तो बाहुक या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला. पुढे ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भात, कुंडिनपुराला पोचायचं होतं. रथ वाऱ्यासारखा चाललाय. राजाचं उपरणं उडालं. 'थांब जरा, उपरणं पडलं,' असं राजा म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलं होतं. राजा चकित झाला. मग त्यालाही आपली विद्या दाखवायची हुक्की आली. वाटेत बेहड्याचं झाड होतं. त्याकडे एकदा पाहून राजानं सांगितलं, की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नळाला काही ते पटेना. घाई असतानाही त्यानं रथ थांबवला, झाड तोडलं, फळं मोजली. बरोबर तेवढीच!

नळानं विचारलं, ही कुठली विद्या? राजा म्हणाला, मी फाशांत निष्णात आहे आणि गणनेतही. मग दोघांचा सौदा झाला. राजानं अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, नळाला दिलं आणि नळानं अश्वहृदय राजाला द्यायचं कबूल केलं. ते मर्म हाती आल्याबरोबर नळाच्या अंगातला कली बाहेर पडला आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरला.

पाच कोटी पानं हे कवीचं औदार्य म्हणून सोडून देऊ. दोन फांद्यांवर पाच कोटी पानं असतील तर त्या झाडाखाली अख्खी अयोध्या सावलीला बसली असती. पण २०९५ हा आकडा मला फार आवडतो. दोन हजार नाही, एकवीसशे नाही. दोन हजार पंच्याण्णव. असा आकडा नुसता बघून येत नाही, गुणाकार-बेरीज करून येतो. एक डहाळी मोजायची, अशा डहाळ्या किती ते पाहायचं, गुणायचं. महाभारत पद्धत सांगत नाही, पण इयान हॅकिंग नावाच्या कॅनेडियन तत्त्वज्ञानं १९७५ साली संभाव्यतेच्या इतिहासावर जे पुस्तक लिहिलं, त्यात या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे. नमुना पाहून अंदाज करणं आणि फाशांचा खेळ, या दोहोंत नातं आहे हे युरोपात सतराव्या शतकात उमगलं. आणि आपल्या कथाकारानं तर दोन्ही विद्या एकाच माणसाच्या ठायी घातल्या होत्या.

पण झाड बेहड्याचंच का? आपल्या जिल्ह्यातल्या रानात बेहडा भरपूर. हिरडा, बेहडा, आवळा हे त्रिफळ्यातलं त्रिकूट. तर वेदकाळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. आजच्यासारखे ठिपक्यांचे चौकोनी ठोकळे नव्हते. अभ्यासकांनी त्या खेळाचा लावलेला अर्थ असा, की फळांचा मोठा ढीग असे. त्यातून मूठभर, ओंजळभर उचलायची आणि चार-चारनं मोजायची. सगळी चारात संपली तर 'कृत', सर्वांत चांगला डाव. तीन उरली तर 'त्रेता', दोन उरली तर 'द्वापर', आणि एक उरलं तर 'कलि', म्हणजे हरलात. होय, आपल्या चार युगांची हीच नावं. आता नळाच्या अंगात शिरलेला कली कोण, ते वेगळं सांगायला नको. हरण्याचा डावच माणसाचं रूप घेऊन आला होता.

आणि मग ऋतुपर्णाच्या विद्येचा अर्थही उघड होतो. ढिगाकडे नजर टाकून, त्यात किती फळं आहेत आणि चारानं भागल्यावर किती उरतील, हे ज्याला क्षणात कळतं, तो या खेळात हरणार कसा? झाडावरची फळं अजमावणं आणि द्यूत जिंकणं या दोन विद्या नाहीतच, ती एकच आहे.

झाडावरची फळं अजमावणारे ऋतुपर्ण आपल्या रत्नागिरीत अजून आहेत. आंब्याची बाग कराराने घेणारा व्यापारी मोहोर पाहून, कणी धरल्यावर पुन्हा पाहून, झाडाभोवती एक फेरी मारतो आणि मनाशी आकडा बांधतो. या कलमावर एवढ्या पेट्या. त्या आकड्यावर पैसे ठरतात आणि तो आकडा चुकला तर एकतर बागायतदार बुडतो, नाहीतर व्यापारी. कसलेला माणूस सर्वांत लगडलेली फांदी मोजत नाही आणि वांझ फांदीही मोजत नाही. तो मधली धरतो, झाडाच्या चारही बाजूंना जातो, गेल्या साली हे झाड किती धरलं होतं ते विचारतो. कारण हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो.

हीच गोष्ट सरकारी पातळीवर झाली, की तिला म्हणायचं आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक; आठ आणे म्हणजे निम्मं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणे गेले, तशी आणेवारीची पैसेवारी झाली. पण लोकांच्या तोंडी अजून आणेवारीच. पैसेवारी पन्नासच्या आत आली तर दुष्काळी सवलती, वर राहिली तर नाही, असा वर्षानुवर्षं शिरस्ता होता. एखाद्या गावाची पैसेवारी एकोणपन्नास की एक्कावन्न, यावर शेतसारा सुटणार की भरावा लागणार हे ठरायचं. आता अशा वेळी बांधावर उभं राहून केलेल्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा? रस्त्यालगतचं शेत बघितलं तर एक उत्तर, आतलं बघितलं तर दुसरं.

यावर उपाय काढणाऱ्यांत दोन मराठी माणसं पुढे होती: सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे. १९४० च्या दशकात त्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. शेत कुणी निवडायचं नाही. यदृच्छ आकड्यांवरून, म्हणजे जवळजवळ चिठ्ठी टाकूनच म्हणा ना, ते ठरवायचं. त्या शेतातला ठरावीक मापाचा तुकडा कुठला, तेही तसंच. तेवढंच पीक कापायचं, झोडपायचं, वजन करायचं आणि त्यावरून तालुक्याचा अंदाज. पाहणाऱ्याची नजर, त्याची मर्जी, त्याला कुणी दिलेला चहा, सगळं बाजूला. मला यातली खुबी अशी वाटते, की जो फासा माणसाला नागवतो, तोच इथे माणसाला लबाडी करू देत नाही. आजची पीकविम्याची नुकसानभरपाईही बऱ्याच अंशी याच प्रयोगांवर उभी आहे.

असो. आता चिंचोक्यांकडे येऊ, कारण माझा खरा जीव तिथे आहे.

चल्लस-आठ हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. पाच गुणिले पाच, पंचवीस घरांचा पट. पाटावर खडूनं आखा नाहीतर ओटीवर कोळशानं. चार कडांच्या मधल्या घरांत फुल्या, मध्यावर एक फुली. बांगड्यांचे तुकडे, गुंजा, खडे, जे हाताला लागेल ते सोंगट्या म्हणून. आणि फासे म्हणून चार चिंचोके, एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केलेले. एक पांढरा आला तर एक, दोन आले तर दोन, तीन आले तर तीन, चारही पांढरे आले तर चार, म्हणजे चल्लस. आणि चारही काळे आले तर आठ. चल्लस किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं. बाहेरची सोळा घरं एका दिशेनं फिरायची, कुणाची तरी सोंगटी मारली की आतल्या आठ घरांत उलटं वळायचं आणि शेवटी मध्यावर. माझी आजी हा खेळ अशी खेळायची, की तिची सोंगटी मारणं म्हणजे महाकर्म. तिला भागाकार येत नव्हता. पण सोंगटी कुठे उभी करायची हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिला काय ठाऊक होतं, ते पाहू. चार चिंचोके, प्रत्येकाला दोन बाजू. एकूण पडण्याचे प्रकार दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा. सोळा! म्हणजे एका फेकीचा बरोबर एक रुपया धरा आणि त्याचे आणे वाटा. चारही पांढरे पडायचा प्रकार एकच, म्हणून चल्लसाला एक आणा. चारही काळे, तोही एकच. आठाला एक आणा. एक पांढरा चार प्रकारांनी येतो, कारण चारांतला कुठलाही एक असू शकतो, चार आणे. तीन पांढरे म्हणजे एक काळा, तेही चार आणे. उरले सहा आणे, ते सगळे दोनाचे. मोजून बघा: एक, चार, सहा, चार, एक. सोळा आणे भरले.

म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपुढे दोन घरांवर आपण जाऊन बसलो, तर मार खायची शक्यता सहा आणे. एक किंवा तीन घरांवर चार आणे. चार घरांवर एकच आणा. आठ किंवा चल्लसानंतरची फेकही असते, पण तिचा इथे उपयोग नाही. आणि पाच घरांवर? पाच पडतच नाहीत! आधी चल्लस पडायला हवं आणि त्यावर एक. एका आण्याचा चौथा हिस्सा, म्हणजे जुना एक पैसा. आजी नेहमी पाच घरं पुढे जाऊन का बसायची, ते आता कळलं ना? तिला विचारलं तर ती म्हणायची, 'तिथे मरण नाही.' अगदीच नाही असं नाही. रुपयात एक पैसा आहे. पण आजीचा पैशाचा हिशेब कधी चुकला नाही.

सारीपाटातही हेच, फक्त वरच्या पट्टीत. त्याचे लांबट फासे चार बाजूंचे, त्यांवर एक, दोन, पाच आणि सहा. असे तीन फासे टाकले तर चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट प्रकार. जुन्या रुपयाचे पैसेही चौसष्ट! तिन्ही फाशांवर सहा येऊन अठरा पडायला एक पैसा. दोन सहा आणि एक एक, म्हणजे पौ आणि बारा, याला तीन पैसे. तो नशिबाचा डाव. त्यावरूनच आलेला पोबारा शब्द आपण पळून जाण्याला का वापरतो, हे मात्र भाषापंडितांनी बघावं. बहुधा सोंगटी पळत सुटते म्हणून असावं. परदेशी खेळातल्या वीस बाजूंच्या फाशाला मात्र हे मधलं फुगणं नाही. तिथे प्रत्येक आकड्याला सारखाच वाटा, विसातला एक. एकच फासा असला की सगळे समान. फासे वाढले की मधले आकडे माजतात आणि कडेचे दुर्मिळ होतात. एवढं एक वाक्य ज्याला मनापासून पटलं, त्याला संख्याशास्त्राचं निम्मं पुस्तक समजलं असं मी समजतो.

मोजण्याच्या किती तऱ्हा आपल्या अंगवळणी होत्या, तेही जाता जाता आठवा. चाराचा गंडा, बाराचा डझन, विसाची कोडी. जुनी माणसं वय सांगतानासुद्धा विसानं सांगत. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत बारापर्यंत सहज जाता येतं. विटीदांडूत तर मराठी आकडेच चालत नसत. वकट, लेंड, मूंड, नाल असं म्हणत आपण विटी टोलवली, आणि तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हेच ते, हे आपल्याला कुणी सांगितलंही नाही. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. साडेतीनचा पाढा म्हणून दाखवणारी माणसं आता शोधावी लागतात. सगळ्यांनी औटकी पाठ करावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. साडेतीनचं काम आता सात निम्मे करून भागतं.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी, शिवाय त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर ही जोडाक्षरं सात वर्षांच्या पोराला अडतात. त्यात 'एकोण'ची वजाबाकी. एकोणतीस, एकोणनव्वद, आणि नव्याण्णवला पोचलो की ती रीतही मोडते. मी चाळीस वर्षं वर्गात उभा होतो, मला नारळीकरबाईंचं म्हणणं पटलं होतं. ज्यांनी चेष्टा केली त्यांनी पहिली-दुसरीच्या वर्गात आठवडाभर बसायला हवं होतं. सिनिअर रँग्लर परांजप्यांच्या मुर्डीपासून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शाळेतलं मूलसुद्धा गणिताला भितं. ती भीती आकड्यांची कमी आणि आकड्यांच्या नावांची जास्त असते, असं माझं निरीक्षण आहे. तेच मूल चल्लस-आठमध्ये 'तीन आणि आठ, अकरा' करून सोंगटी घर न मोजता उचलून ठेवतं.

आता जरा कडू विषय. खेळातलं गणित ज्याला येत नाही त्याला ते महागात पडतं, आणि आपल्या जिल्ह्यानं ते चांगलं भोगलं आहे. गिरणगावात नोकरीला गेलेल्या कोकणी माणसांनी १९६० च्या दशकापासून मटक्यात किती पगार घातले, त्याची गणती नाही. शून्य ते नऊ, दहा आकडे. एका आकड्यावर रुपया लावायचा आणि लागला तर नऊ रुपये. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावून बघा. दहा गेले, नऊ आले. न चुकता, न हरता, रोज एक रुपया तोटा. यात स्वप्नात आलेला आकडा, गाडीचा नंबर, बाबानं दिलेला इशारा यांनी काही फरक पडत नाही. तरी लोक म्हणायचे, 'अमक्याला आकडा काढता येतो.' जिथे कौशल्याला जागाच नाही तिथे ते आहे असं मानणं, हा नळाचा रोग.

याची दुसरी बाजूही आहे. कायद्यानं कौशल्याचा खेळ आणि दैवाचा खेळ यांत पूर्वीपासून भेद केला. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं टाकायचं आणि कोणतं धरायचं याचा विचार करावा लागतो. निकाल बरोबरच होता. पण पुढे मोबाइलवरच्या रमीवाल्यांनी याच निकालाच्या छत्रीखाली दुकानं थाटली. 'हा कौशल्याचा खेळ आहे' ही जाहिरात वाचून आपल्या गावच्या तरुणाला वाटलं, कौशल्य आहे म्हणजे मी जिंकेन. अहो, कौशल्य आहे म्हणूनच तुम्ही हराल! दैवाच्या खेळात नवशिक्या आणि मुरलेला सारखेच असतात. कौशल्याच्या खेळात पलीकडे ऋतुपर्ण बसलाय आणि अलीकडे अजून झाड न मोजलेला नळ. त्यात प्रत्येक डावातून खेळवणाऱ्याचा हिस्सा आधीच कापलेला. घरं गहाण पडली, आत्महत्या झाल्या, आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य की दैव हा भेद ठेवलाच नाही. कायदेपंडित त्यावर काय वाद घालायचा तो घालोत.

टेबलाभोवतीच्या त्या खेळात आणि आपल्या चल्लस-आठमध्ये पैसे लावायचे नसतात, हा त्यांचा मोठा गुण. हरलं तर फार तर पात्र दरीत पडतं, नाहीतर सोंगटी पुन्हा पहिल्या घरात. आणि फासे पुन्हा पुन्हा टाकून पाहायला कुणाची ना नाही.

म्हणून घरी मुलं असतील तर एक करून बघा. वर मी आण्यांचा हिशेब सांगितला, तो चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो असं धरून. खरा चिंचोका तसा असेलच असं नाही. एक बाजू घासल्यानं ती सपाट होते, दुसरी फुगीर राहते, त्यामुळे तो एका अंगावर जास्त पडू शकतो. कवड्यांचं तर बोलायलाच नको. त्यांचं पोट आणि पाठ अगदीच वेगळी. तेव्हा चार चिंचोके घ्या, कागदावर पाच रकाने आखा आणि १६० वेळा टाका. दोघांत वाटून घेतलं तर अर्ध्या तासात होतं. चिंचोके सरळ असतील तर साधारण दहा वेळा आठ, चाळीस वेळा एक, साठ वेळा दोन, चाळीस वेळा तीन आणि दहा वेळा चल्लस पडायला हवं. सगळी घरं मिळून चारशे, म्हणजे दर फेकीला सरासरी अडीच घरं. इथे अडीचकी उपयोगी पडते ती अशी. दोन-चारांचा इकडे-तिकडे फरक येणारच, त्यात काही नाही. पण आठ जर दहाच्या जागी पंचवीस वेळा पडले, तर चिंचोके काळ्या अंगावर कलतात हे नक्की. मग त्या चार चिंचोक्यांची आणेवारी नव्यानं मांडायची आणि ती मुलांनीच मांडायची. पाच घरं पुढे बसणं त्या चिंचोक्यांवर अजून सुरक्षित आहे का, तेही त्यांनाच काढू द्या. उत्तर आधी सांगू नका.